दहापैकी आठ

२ सप्टेंबर, मंगळवार

युनियनच्या सेक्रेटरींनी सांगितलं, आजपासून रोज लिहून ठेवा. कोण काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, सगळं. चौकशीत कामाला येतं. म्हणून ही वही. मला यंत्रांच्या नोंदी लिहायची सवय आहे, एकतीस वर्षांची. माणसांच्या नोंदी कधी केल्या नाहीत. जमेल तसं लिहितो.

सकाळी नऊ दहाला नव्या सुरक्षासाहेबांनी बोलावलं. वयाने माझ्या लेकीएवढे असतील. उठून खुर्ची दिली, ही नोंद त्यांच्या बाजूने. गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरात स्टेशनवर बॉम्ब फुटला, तेव्हापासून सगळ्या हॉस्पिटलांना एक यादी आली आहे. 'कर्मचाऱ्यांमधील अतिरेकी प्रवृत्तीची लक्षणे.' एकूण दहा. माझ्या नावापुढे सात टिका. दाढी आणि पेहराव. कामाच्या वेळात नमाज. बायकांशी हात न मिळवणं. पार्ट्यांना न जाणं. फोटोला उभं न राहणं. धर्मग्रंथ अक्षरशः मानणं. आणि धर्मावरून घरच्या माणसाशी संबंध तोडणं.

मी चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणालो, "साहेब, सात नाही, आठ. पाचव्या नंबरला 'संगीत वर्ज्य' लिहिलंय. तेही आहे. तुमच्या माणसाने अर्धवट काम केलंय."

ते म्हणाले, "तुम्हाला ही गंमत वाटतेय का?"

"नाही. तपासणी करायची तर पुरती करावी, एवढंच."

राहिली दोन. अलीकडे अचानक वागणं बदलणं, आणि कारण न सांगता परदेशी जाणं. मी एकतीस वर्षांत जेवणाचा डबासुद्धा बदललेला नाही. परदेशाचं म्हणाल तर मेहुणीच्या गावी जायचं तरी माझ्या जिवावर येतं.

चौकशी होईपर्यंत लिफ्टचे शाफ्ट, मशीनरूम आणि विजेच्या खोल्या मला बंद. हॉस्पिटलच्या आवारातसुद्धा यायचं नाही. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. सतरा किल्ल्या. कुठली कशाची ते सांगायला लागलो तर म्हणाले, राहू द्या, चिठ्ठ्या लावलेल्या आहेत.

चिठ्ठ्या मीच लावल्यात.

३ सप्टेंबर, बुधवार

घरी बसलो. ही दिवसभर भांडी आपटत होती. भांड्यांवर नाही, माझ्यावर राग.

"लेकीला कळवू का? ती तिथेच आहे. चार लोक तिचं ऐकतात."

"खबरदार."

"तुम्ही नका बोलू. मी बोलते."

"खबरदार म्हटलं ना."

इथे लेकीचं लिहावं लागेल, कारण चौकशीत विचारतील. लेक डॉक्टर आहे, माझ्याच हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर महिला विभागात. त्या विभागात गर्भपात होतात. माझ्या धर्माप्रमाणे, मी जो धर्म मानतो त्याप्रमाणे, ते पाप आहे. चार वर्षांपूर्वी तिने तिथली नोकरी घेतली तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, अब्बा, तिथे येणाऱ्या बायकांना एकदा बघा तरी. मी म्हणालो, बघायची गरज नाही. मग मी आणखी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. एवढीच हकिकत.

दुपारभर मनात एकच. माझ्या जागी बाहेरच्या कंपनीचा माणूस येणार. चार नंबरच्या लिफ्टचा दरवाजा चौथ्या मजल्यावर जरा दमाने मिटतो, तिथला सेन्सर दर दोन दिवसांनी पुसावा लागतो. हे त्याला कोण सांगणार? महिला विभागाची ती एकच लिफ्ट. बाकीच्या मी आठवड्यातून एकदा बघतो, ती तीनदा. तिला वापर जास्त आहे म्हणून.

५ सप्टेंबर, शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजाला गेलो तर बातमी माझ्याआधी पोहोचलेली. चारजण भोवती जमले. एक म्हणाला, "चाचा, चौकशीपुरती दाढी थोडी कमी करून टाका ना."

मी म्हणालो, "आणि मग नऊ नंबरची टीक लागेल. अचानक बदललेलं वागणं."

हसले सगळे. मला हसू आलं नाही.

मशिदीबाहेर पेपरात त्या स्टेशनवाल्याचा फोटो होता. गुळगुळीत दाढी केलेला, कुठल्याशा क्लबात हातात ग्लास. पेपरात लिहिलंय की वर्षभरापूर्वीपर्यंत त्याला नमाज येत नव्हती. तो म्हणतो, धर्मासाठी केलं. हा धर्म मी पन्नास वर्षं जपला, पहाटे उठून, भूक मारून, मन मारून. त्याने तो कोणाला न विचारता उचलला आणि बॉम्बला गुंडाळला. अकरा माणसं गेली. त्यांच्यात एक चार वर्षांची मुलगी होती.

मला कोणी कट्टर म्हटलं तर राग येत नाही. आहेच मी कट्टर. कच्च्या दोराची लिफ्ट चालत नाही, कच्च्या श्रद्धेचं मला काही कळत नाही. पण अतिरेकी म्हणाल तर मात्र मी खुर्चीवरून उठतो.

हे लिहिलं आणि मग वाटलं, त्यानेही तेच पुस्तक हातात धरलं होतं. निदान शेवटच्या वर्षी. या विचाराने जेवण गेलं नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बॉयलरमास्तरांचा फोन. माझ्याशिवाय डबा खायला कंटाळा येतो म्हणे.

हे कोण ते लिहितो. हॉस्पिटलच्या बॉयलरवर एकोणीस वर्षं आहेत. ते ख्रिस्ती, त्यांच्या चर्चच्या वडीलधाऱ्यांपैकी एक. चर्चही असं तसं नाही. घरात टीव्ही नाही, दारू नाही, रविवारी काडी इकडची तिकडे करायची नाही. जग सहा दिवसांत झालं यावर त्यांच्याशी वाद घालायचा नाही. एकोणीस वर्षं आम्ही बॉयलरखोलीच्या ओट्यावर एकत्र डबा खातो. मी नरकात जाणार याची त्यांना खात्री आहे, आणि ते जाणार याची मला. दर आठवड्याला एकदा तरी ते मला वाचवायचा प्रयत्न करतात. मी त्यांना. दोघांनाही यश नाही. मग ते लोणचं पुढे करतात.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते महिला विभागासमोरच्या फुटपाथवर उभे राहतात, हातात पाटी घेऊन. पाटीवर एकच ओळ, 'तुमच्यासाठी प्रार्थना करतो'. ओरडत नाहीत, कोणाला अडवत नाहीत. दोन तास उभे राहून घरी जातात. मी पाटी धरत नाही, पण त्यांचं मत तेच माझं.

मी विचारलं, "तुम्हाला यादीत किती टिका?"

"मला बोलावलंच नाही. यादीत दाढी आहे, माझी नाही."

"बाकी मोजा की."

फोनवरच मोजलं. सहा निघाल्या. मी म्हणालो, दोनने मी पुढे. ते म्हणाले, "बढाई मारू नका, लिफ्टमास्तर."

पण फोन ठेवताना आवाज बरोबर नव्हता. काही सांगायचं होतं, राहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी तीनला बॉयलरमास्तर घरी आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. हिने चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच निवू दिला.

त्यांच्या चर्चमध्ये आठ महिन्यांपासून एक रंगारी येतो. हॉस्पिटलच्या रंगकामाचा ठेका आहे त्या ठेकेदाराकडचा. हसतमुख माणूस, सगळ्यांच्या खुर्च्या लावतो, गिटार वाजवतो. धर्मग्रंथ उघडायला सांगितला तर पान सापडत नाही. गेल्या रविवारी त्याने मास्तरांना बाजूला घेतलं आणि येत्या रविवारसाठी बॉयलरखोलीची किल्ली मागितली. कशाला, तर तिथून हवेचा मोठा पाइप सरळ चौथ्या मजल्यावर जातो. त्याच्याकडे थिनर आहे, रंगाच्या डब्यांत भरून आणता येतो, कोणी विचारत नाही.

"मी म्हणालो, अरे, माणसं असतात तिथे. तर म्हणाला, रविवारी विभाग बंद असतो."

"बंद नसतो," मी म्हणालो. "रविवारी तिची ड्यूटी असते."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, म्हणजे असं ऐकलंय.

त्यांनी निवलेला कप खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? त्याने मला माझंच वाक्य ऐकवलं. दोन महिन्यांपूर्वी मी प्रार्थनेत म्हणालो होतो की देवाचा अग्नी एक दिवस त्या मजल्यावर उतरेल. तो म्हणाला, काका, तुम्ही म्हणालात. देव किती वाट बघणार? कोणीतरी काडी ओढायला हवी."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? वाक्य माझंच होतं ना. मी म्हणालो, किल्ली देणार नाही, आणि तू हे डोक्यातून काढ. तो हसला. म्हणाला, तुम्ही फक्त बोलणारे. चार दिवस झाले. मी झोपलेलो नाही."

ते मला विचारत होते की त्याच्यात आणि आपल्यात फरक काय. त्याला वाटतं तो मजला पाप आहे, आपल्यालाही वाटतं. त्याला वाटतं देव शिक्षा करेल, आपल्यालाही वाटतं.

मी म्हणालो, "मास्तर, आपण देवाला घाबरतो. तो देवाच्या खुर्चीवर बसलाय. हा फरक."

ते म्हणाले, "आणि खुर्ची मी पुसून ठेवली."

मलाही चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य आठवलं, जे मी पहिल्या दिवशी लिहिलं नाही. मी लेकीला म्हणालो होतो, तुझ्या हातांना कीड लागेल. तेव्हा ही मधे पडली होती. ते कोणी रंगाऱ्यासारख्याने ऐकलं असतं तर? मी लगेच तो विचार बाजूला सारला. बापाचं बोलणं वेगळं.

चहा पुन्हा गरम करून दिला. मग दोघं उठलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कालचं राहिलेलं. चार चाळीसला फाटकावर पोहोचलो. पहारेकऱ्याने मला थांबवलं, मनाई आहे म्हणून. मास्तर म्हणाले, "हे नाहीत तर मीही नाही." शेवटी सुरक्षासाहेब स्वतः फाटकाशी आले आणि दोघांना आपल्या खोलीत घेऊन गेले.

मास्तरांनी सगळं सांगितलं. आपल्या वाक्यासकट. मी असतो तर ते वाक्य गाळलं असतं बहुतेक. त्यांनी नाही गाळलं. असा माणूस एकोणीस वर्षं माझ्याशेजारी जेवतो.

साहेबांनी पहिला प्रश्न मला विचारला. "तुमचा यात काय संबंध?"

"त्यांनी मला विचारलं, मी म्हणालो चला."

"तुम्हाला परत कामावर यायचं आहे, म्हणून तर नाही?"

मास्तर लाल झाले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. प्रश्न चुकीचा नव्हता. मीही विचारला असता.

साहेबांनी यादी काढून रंगाऱ्याचं नाव लावून बघितलं. मित्रांत मिसळणारा, गाणारा, पार्टीत सगळ्यांच्या पुढे, प्रत्येकाबरोबर फोटो. ते पेन हातात धरून तसेच बसले.

मी विचारलं, "किती?"

"एकसुद्धा नाही."

"नऊ नंबरची लागेल," मास्तर म्हणाले. "आठ महिन्यांपूर्वी तो आम्हाला शिव्या द्यायचा."

साहेबांनी टीक केली आणि पोलिसांना फोन लावला.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी सहापासून हॉस्पिटलसमोरच्या बस थांब्यावर उभा होतो. आत जायला मनाई, थांब्यावर उभं राहायला नाही. पोलिसांनी मास्तरांना सांगितलं होतं की आज बॉयलरखोलीत आमच्याबरोबर थांबा. आज रविवार, त्यांचा पाळायचा दिवस. एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदा रविवारी कामावर आले.

साडेसातला लेक आली. डोक्यावर काही नाही, हातात छत्री. रस्ता ओलांडताना तिने उजवीकडे बघितलं नाही. लहानपणापासून तिला ही खोड आहे.

आठ वीसला रंगारी हातगाडी ढकलत आला. पाच डबे. पहारेकऱ्याला सलाम केला, काहीतरी बोलून हसवलं. मग मागच्या बाजूला गेला. पुढचं मला दिसलं नाही, मास्तरांनी सांगितलं. किल्ली न मिळाल्यामुळे त्याने कुलूप तोडायला पहार आणली होती. पोलीस पाइपांमागे. मास्तर मधे उभे राहिले आणि म्हणाले, "वर माणसं आहेत. अकरा बायका, चार नर्सा, एक डॉक्टर. मी मोजून आलोय." तो म्हणाला, "त्यांनी आधी विचार करायचा होता." आणि पहार उगारली. मास्तरांचं मनगट मोडलं. मग पोलिसांनी धरला.

नऊच्या सुमारास त्याला घेऊन पोलिसांची गाडी गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीत कोणीतरी आलं आणि खाली बघत उभं राहिलं. मी खांबाच्या आड झालो. का झालो ते माहीत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सेक्रेटरी पेढे वाटायच्या थाटात आले. "आता तुम्ही हिरो! चौकशीबिकशी रद्द. संचालकबाई माफीचं पत्र देतायत. उद्यापासून कामावर."

मी म्हणालो, "नको."

"काय नको?"

"असं परत यायचं नाही. चौकशी होऊ द्या."

त्यांनी डोक्याला हात लावला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मी म्हणालो, "रंगारी सापडला म्हणून मी चांगला? तो नसता सापडला तर मी कोण होतो? उद्या दुसऱ्या हॉस्पिटलात कोणी दुसरा दाढीवाला बसेल त्या खुर्चीत. त्याने आगीची बातमी कुठून आणायची? बक्षीस म्हणून नको. माझ्यात दोष नव्हता, असं लिहून द्या."

सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही भलतेच हट्टी आहात."

ही म्हणाली, "अहो, आज कळलं तुम्हाला?" पण पदराआड हसत होती. पाहिलं मी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चौकशी झाली. हिने माझं ऐकलं नाही, हे आधी लिहितो. खोलीत गेलो तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर लेक. डॉक्टरचा पांढरा कोट. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

मधे संचालकबाई, एका बाजूला सुरक्षासाहेब, दुसऱ्या बाजूला कर्मचारी विभागाचे एक. जसं झालं तसं लिहितो.

संचालकबाई : "महिला विभागात चालतं ते पाप आहे, असं तुमचं मत आहे?"

मी : "हो."

"आजही?"

"आजही. मत काही रंगाऱ्याने बदललेलं नाही."

"मग त्या विभागाची लिफ्ट तुमच्या हाती कशी द्यायची?"

मी म्हणालो, "बाई, मी लिफ्टवाला आहे. माणूस वर सुखरूप पोहोचवायचा, खाली सुखरूप आणायचा, हे माझं काम. वर जाऊन तो काय करतो याचा जाब देव विचारेल. त्याने ते काम माझ्याकडे दिलेलं नाही. मला सतरा किल्ल्या दिल्या होत्या, त्यात ती नव्हती."

मग साहेबांनी माझ्या नोंदवह्या पुढे केल्या. चार वर्षांच्या. "एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती," ते म्हणाले. "सगळ्या लिफ्ट आठवड्यातून एकदा. चार नंबर तीनदा. ज्या विभागाचा तुम्हाला विरोध, नेमक्या त्याच शाफ्टमध्ये तुम्ही एवढे का जाता? खरं सांगायचं तर, तुम्हाला थांबवण्याचं खरं कारण हेच होतं."

मी म्हणालो, "तिला वापर जास्त आहे."

"काका, सगळ्यात जास्त वापर दोन नंबरला आहे. आकडे बघा."

मला दुसरं कारण आठवेना. खरंच आठवेना.

लेक उभी राहिली. "मी सांगू?"

संचालकबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही विभागाच्या वतीने बोलताय की घरच्या?"

"विभागाच्या. हे माझे वडील आहेत हे मात्र लिहून घ्या." मग ती बोलली, शांतपणे, तिच्या आईसारखी. "चार वर्षं हे माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मला न्यूमोनिया झाला तेव्हा आई एकटी आली, हे आले नाहीत."

मी खाली फाटकाशी उभा होतो. हे तिला माहीत नाही.

"हे कट्टर आहेत. त्याचा त्रास या खोलीत सगळ्यात जास्त मला झालाय. म्हणून सांगायचा अधिकार माझा. यांनी मला दुखवलंय. पण दुखवणारा आणि जाळणारा हे दोन वेगळे लोक असतात, आणि तुमच्या यादीला ते एकच दिसतात. जाळणाऱ्याला नुसतं माझं पाप नको असतं असं नाही. त्याला मी नको असते. यांना मी हवी आहे. फार हवी आहे, तोच तर आमचा घोळ आहे."

साहेब म्हणाले, "पण ती लिफ्ट..."

"मला चौथ्या मजल्यावर जिन्याने जाता येतं. माझ्या बरोबरीचे सगळे जिन्याने जातात. मी रोज लिफ्टने जाते." ती थांबली. "कारण ती अब्बांनी बघितलेली असते."

कर्मचारी विभागाचे गृहस्थ खिडकीबाहेर बघू लागले. संचालकबाईंनी पाणी घेतलं. माझ्या चष्म्यावर काहीतरी आलं होतं, मी पुसत होतो.

निकाल लगेच दिला. लेखी दिला. 'कर्मचाऱ्याच्या वर्तनात कोणताही दोष आढळला नाही; धार्मिक आचरण हे धोक्याचे लक्षण मानण्यात चूक झाली.' मी दोनदा वाचला. 'चूक झाली' हे शब्द आहेत. साहेबांनी स्वतः उठून जुडगा आणून दिला. मी किल्ल्या मोजल्या. सतरा.

बाहेर व्हरांड्यात लेक उभी होती. बोलायला हवं होतं. मला एवढंच सुचलं, "रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत जा."

ती म्हणाली, "बस थांब्यावरून दिसतं वाटतं सगळं?"

आणि वर गेली. लिफ्टने.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुरक्षासाहेबांनी नवी यादी करायला चौघांना बसवलं. ते, लेक, मास्तर आणि मी. मास्तरांचा हात गळ्यात, पण वाद घालायला हात लागत नाही. तीन तास भांडलो. मास्तर म्हणाले, श्रद्धा हा शब्दच यादीत नको. मी म्हणालो, हवा, कारण श्रद्धेच्या नावाने लोक फसवतात. लेक म्हणाली, कपड्यांची, दाढीची, प्रार्थनेची ओळ एकही नको, कुठल्याच धर्माची नको. हे लगेच मान्य झालं. मग ती म्हणाली, वाक्यंही बघा, नुसती माणसं नको. शिव्याशापांतून कोणाला परवाना मिळतो तेही बघा. मास्तरांनी मान खाली घातली. मीही घातली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दामच.

शेवटी दहाची यादी उरलीच नाही. साहेबांच्या कागदावर एक प्रश्न राहिला, आणि तो माझा आणि मास्तरांचा मिळून आहे. ज्याला तुम्ही चुकलेला समजता, त्याचं काय व्हावं असं तुम्हाला वाटतं, आणि ते कोणी करावं?

साहेब म्हणाले, "या 'कोणी'तच सगळं आलं."

मास्तर माझ्या कानात म्हणाले, "तुम्ही अजून नरकातच जाणार आहात."

मी म्हणालो, "पण मला तिथे ढकलणार तुम्ही नाही."

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज मोठ्या सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावलं होतं. दोनशे तरी माणसं. नवी पद्धत समजावून सांगायला व्यासपीठावर लेक. मी शेवटून दुसऱ्या रांगेत, कामाचे कपडे, बोटांना ग्रीस.

ती अर्धा तास बोलली. कागद नाही, अडखळणं नाही. पाठीमागून कोणी खोचक प्रश्न केला की, हे कट्टर लोक आधीच हाकलले तर भानगडच उरणार नाही. ती म्हणाली, "मग तुम्हाला आग लावणारा कोण हे सांगायलाही कोणी उरणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, मला त्यांच्याशी भांडायचंय. भांडायला माणूस समोर राहावा लागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचं सगळंच मला पटलं असं नाही. केस उघडे होते, तेही पटलेलं नाही. पण कसं बोलली! एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

माझ्या शेजारी प्रयोगशाळेतला कोणी नवा बसला होता. त्याने वाकून विचारलं, "कोण हो या डॉक्टर?"

हळू बोलायचं होतं. तोंडातून मोठ्याने निघालं.

"माझी मुलगी!"

पुढच्या तीन रांगा मागे वळल्या. व्यासपीठावर ती थांबली. माझ्याकडे बघितलं, आणि तिचं पुढचं वाक्य चुकलं. दोनशे माणसांसमोर तेवढं एकच चुकलं.

गर्व करणं माझ्या धर्मात मोठा गुन्हा आहे. संध्याकाळच्या नमाजात मी त्याची क्षमा मागितली. मनापासून मागितली. पण उद्या कोणी पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा तेवढ्याच मोठ्याने सांगणार आहे.